मनाली-लेह सायकलवर : किती किलोमीटर ते नंतर, झोपायचं कुठे ते आधी

पत्र : नमस्कार ताई. मी ४४ वर्षांची, नोकरी करते, बरीच वर्षं सायकल चालवते. आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे, त्यात बाई मी एकटीच आणि बाकीचे बहुतेक माझ्यापेक्षा लहान. येत्या सप्टेंबरमध्ये मनाली ते लेह करायचं ठरलंय. प्लॅन असा : पहिली रात्र मढी, मग रोहतांग करून सिस्सू, मग जिस्पा, चौथ्या रात्री सरचू, पाचव्या रात्री पांग, सहाव्या रात्री रुमत्से, सातव्या दिवशी लेह, आठव्या दिवशी खार्दुंग ला (ला म्हणजे खिंड) आणि मग विमानाने परत. सोबत एक बॅकअप गाडी आहे. माझ्याकडे हायब्रिड सायकल आहे, ती चालेल का नवी एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) घेऊ? मिस्टर म्हणतात या वयात कशाला, पण त्यांचं मी बघून घेईन. अजून एक. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे विमानाने लेहला गेलो होतो, तेव्हा पहिल्या रात्री माझं डोकं भयंकर दुखलं, उलट्या झाल्या, मी जेवण बाधलं म्हणून सांगितलं. हे ग्रुपमध्ये बोलले तर मला सरळ गाडीत बसवतील, आधीच चढावर मी सगळ्यात शेवटी असते. सांगायलाच पाहिजे का? — शेवटची येणारी

अहो ताई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, तुमचा खरा प्रश्न तो "अजून एक"वालाच आहे आणि सायकलचं आपलं सुरुवात करायला म्हणून घातलंय, म्हणून मी आधी तोच घेते.

हो, सांगायलाच पाहिजे. जेवणबिवण काही बाधलं नव्हतं. घरून निघून काही तासांत ३५०० मीटरला उतरायचं आणि त्याच रात्री डोकं ठणकून उलट्या व्हायच्या, हा उंचीचा त्रास आहे, ज्याला सगळे एएमएस म्हणतात, आणि तो झाला यात तुमचं काही कमीजास्त नाही. पण एक लक्षात घ्या, पुढच्या वेळी कुणाला त्रास व्हायची शक्यता किती हे बघताना डॉक्टर जे पहिल्यांदा विचारतात ते हेच, की आधी वर गेला होतात तेव्हा काय झालं होतं. महिन्याला किती किलोमीटर मारता, घाट किती वेळात चढता, याला तिथे फारशी किंमत नाही, फिट माणसालाही होतो आणि कधीकधी फिट माणसालाच जास्त होतो, कारण तो दमत नाही म्हणून भराभर वर जातो. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात पुढे पळणारा जो कोण असेल ना, सरचूला तंबूत आडवा पडून "मला काही झालेलं नाहीये" म्हणणारा तोही असू शकतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही पहिल्यापेक्षा मोठी आहे. तुम्हाला वाटतंय की प्लॅन ठीक आहे आणि अडचण तुम्ही आहात. मला तुमचा प्लॅन वाचून उलटंच वाटलं, अडचण प्लॅनमध्ये आहे आणि ती नऊच्या नऊ जणांची आहे.

हा प्लॅन किलोमीटर मोजून केलाय. सपाटीवर आपण तसंच करतो, आज ऐंशी, उद्या सत्तर, परवा जरा कमी. तिथे रात्री कुठल्या उंचीवर झोपायचं हे आधी ठरवायचं आणि त्यातून जे किलोमीटर येतील ते घ्यायचे, मग एखाद्या दिवशी पंचवीसच आले तरी चालेल. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरती पण २१ टक्केच असतं, फक्त हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे ५३०० मीटरला प्रत्येक श्वासात आपल्याला समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, छान करून घेतं, पण त्याला रात्री लागतात, आणि झोपेत श्वास अजून मंद होतो म्हणून खरी परीक्षा खिंडीवर फोटो काढताना नसते, रात्री दोन वाजता असते. गिर्यारोहणातले डॉक्टर जो नियम सांगतात तो साधा आहे, ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढायची.

आता हा नियम तुमच्या प्लॅनवर ठेवून बघा. जिस्पा ३२०० च्या आसपास, सरचू ४२९०. एका दिवसात ऐंशीएक किलोमीटर, मध्ये ४८५० मीटरच्या वरची बारालाचा ला, आणि झोपायची उंची एकदम हजार-अकराशे मीटरने वर. त्याच्या दुसऱ्या रात्री पांग, म्हणजे ४६००. पहिल्या रात्रीचं मढी पण तसंच, ३३०० च्या पुढे, आणि आपण येतो कुठून तर जिथलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे मनालीच्या बाजारापेक्षाही चारशे मीटर खाली. निदान मनालीत तरी एक पूर्ण दिवस जास्तीचा काढा, नुसतं खाऊन-पिऊन आणि थोडी सायकल फिरवून.

आणि सरचूची एक वेगळीच गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. आता तुम्ही सरचूला आहात आणि रात्री कुणाचं तरी बिघडलं, तर खाली कुठे जाणार? मागे जिस्पाकडे जायचं तर आधी बारालाचा ला चढायची. पुढे जायचं तर गाटा लूप्सची चढाची वळणं, नकी ला, मग ५०६० च्या आसपासची लाचुलुंग ला, आणि एवढं करून पांगला पोचलात तरी ते सरचूपेक्षा उंचच, तिथून लेहकडे उतरायला परत ५३२८ मीटरची टांगलांग ला मध्ये आहेच. म्हणजे बारालाचा ओलांडली की टांगलांगच्या पलीकडे उतरेपर्यंत तुम्ही एका उंच थाळ्यात बसलेले असता ज्याच्या दोन्ही कडा वर आहेत. पांगला सैन्याचा ट्रान्झिट कँप आहे, अडल्यानडल्याला जवान मदत करतात, पण त्यांच्या जिवावर आपण प्लॅन आखायचा का? म्हणून या थाळ्यात शिरायच्या आधीच सगळ्यांची तब्येत बघून घ्यायची, आणि ती बघायला जिस्पाच्या पुढे रात्री हव्यात.

मी असते तर असं केलं असतं. जिस्पाला दोन रात्री, मधल्या दिवशी सामान न घेता दारचाच्या पुढे दीपक तालापर्यंत चढून परत खाली झोपायला. मग पुढची रात्र पतसेओच्या आसपास, ते ३८०० च्या जवळ आहे. मग झिंगझिंगबार, ४२७० च्या आसपास, अंतर अगदी थोडं आहे आणि दुपारी नुसतं बसून कंटाळा येईल, तो येऊ द्या. जमलं तर तिथेही दोन रात्री. तिथून सकाळी लवकर निघून बारालाचा करून सरचू, म्हणजे सरचूला झोपायची उंची जवळजवळ वाढतच नाही, हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच. लवकर निघण्याचं अजून एक कारण म्हणजे त्या पट्ट्यात रस्त्यावरून नाले वाहतात, सकाळी बर्फ वितळलेलं नसतं तेव्हा घोट्याएवढं पाणी असतं आणि दुपारी तेच मांडीपर्यंत येऊ शकतं, सप्टेंबरमध्ये जोर कमी असतो तरी ओले बूट घेऊन बारालाचा चढण्यात काही मजा नाही.

यात तुमचे चार दिवस वाढतात. सुट्टी नाही म्हणतील, मला माहितीये. मग आठव्या दिवसाचं ते खार्दुंग ला काढून टाका की! पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि लोक त्या पाटीसाठी जातात, प्रत्यक्षात मोजलेली उंची ५३५९ मीटर आहे. तुम्ही दोन दिवसांपूर्वी जी टांगलांग ला चढून आलेल्या असाल ती याच्यापेक्षा फक्त तीसेक मीटरने कमी. जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता वगैरे तर आता तो नाहीच, उमलिंग ला ५७९८ मीटरवर आहे. थकलेल्या पायांनी, दुसऱ्या दिवशीचं विमान डोक्यात ठेवून, लेहपासून ३९ किलोमीटर चढ नुसत्या फोटोसाठी? माझा तरी हट्ट नसता.

बरं, आता ग्रुपला सांगायचं कसं. तुम्हाला भीती गाडीत बसवण्याची आहे ना, मग "मला त्रास होतो" इथून सुरुवातच करू नका, प्लॅनपासून करा. ग्रुपवर रात्रीच्या मुक्कामांच्या उंच्या लिहून टाका, एकाखाली एक, बाकी काही लिहू नका. जिस्पा ३२००, सरचू ४२९०, पांग ४६००. ज्याला कळायचं त्याला तिथेच कळेल. आणि मग सांगा की मला आधी लेहला एएमएस झालेलं आहे, त्यामुळे मी या मुक्कामांनी येणार नाही, वाढवलेल्या मुक्कामांनी येईन. ही विनंती नाहीये ताई. तुम्ही एकट्या बाई म्हणून आणि शेवटी येता म्हणून आपोआप माफी मागितल्यासारखं बोलायची सवय लागते, मी तुमच्या पत्रातच ती बघितली.

शेवटी येण्याचं तर काहीच मनाला लावून घेऊ नका. चढावर शेजारच्याशी वाक्य पूर्ण बोलता येईल एवढ्याच वेगाने चालवायचं, तिथे तोच बरोबर वेग आहे. फक्त एक अट घाला, बॅकअप गाडी सगळ्यात मागच्या सायकलच्या मागे राहील. बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं, गाडी पुढच्या पॅराशूट तंबूवाल्या ढाब्यावर जाऊन उभी राहते, पुढचे चार जण मॅगी खाऊन चहा पिऊन ताजेतवाने होतात आणि मागचा एकटा माणूस कुठल्या वळणावर आहे ते कुणालाच माहीत नसतं, जिस्पा-दारचा सोडलं की नेटवर्कचाही भरवसा नाही. (प्रीपेड सिम तर बाहेरच्या राज्यातलं लडाखमध्ये चालतच नाही, पोस्टपेड घ्या. आणि कुणी हौशीने सॅटेलाइट मेसेंजर घेऊन येणार असेल तर त्याला थांबवा, परवानगीशिवाय ते आपल्या देशात चालत नाही, नसती पोलीस चौकशी मागे लागेल.)

गाटा लूप्सची एकवीस वळणं चढताना एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल. सांगतात की तिथे एक ट्रक बंद पडला होता, हिवाळा तोंडावर आलेला, क्लीनर आजारी होता म्हणून ड्रायव्हर त्याला ट्रकपाशी ठेवून मदत आणायला गेला, बर्फामुळे अडकला, आणि तो क्लीनर तिथेच तहानेने आणि थंडीने गेला. तेव्हापासून येणारे-जाणारे त्याच्या नावाने पाणी ठेवतात. भुताचं खरंखोटं मला माहीत नाही आणि त्या प्लास्टिकच्या ढिगाचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न आहे, पण आजारी माणसाला एकटं सोडून जायचं नाही हे त्या रस्त्यावर सगळ्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहे. तुमच्या ग्रुपलाही असू दे. डोकेदुखी असलेला माणूस पुढे चढणार नाही, तंबूत एकटा झोपणार नाही, आणि परत फिरायचं की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं नाही, कारण त्याचं डोकं तेव्हा धड चालत नसतं. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांगा. झोकांडी गेली, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा नुसतं बसल्याजागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री, गाडीत घालून उतरवायचं. ते बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावर विसंबून कुणी वर थांबू नये. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलंत तरी चालेल, पण त्याचा खेळ करू नका, संध्याकाळी सगळे आकडे लावून बसतात, माझे ८४ तुझे किती. ४३०० मीटरला ठणठणीत माणसाचेही ऐंशीच्या घरात येऊ शकतात. माणूस कसा दिसतोय ते बघा.

गोळीचं. उंचीच्या त्रासासाठी घेतात ती डायमॉक्स तुम्हाला बहुतेक लागेल, पण ती ग्रुपमधल्या कुणाच्या पाऊचमधून घ्यायची नाही, जायच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जाऊन लेहचा तो प्रसंग खराखरा सांगायचा, सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही सांगायचं. साधारण १२५ मिलिग्रॅम दोन वेळा देतात, वर चढायच्या आदल्या दिवसापासून, पण डोस त्यांनाच ठरवू दे, आणि त्यांना विचारूनच एखाद-दोन गोळ्या घरी असताना घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, कोल्ड्रिंकची चव बिघडते, आणि सारखी लघवीला होते. मुंग्या हँडलबार धरूनही येतात त्यामुळे घाबरायला नको म्हणून आधी घेऊन बघायची.

आता लघवीचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलूया, कारण तुमच्या ग्रुपमधल्या आठ पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात तो येणार नाही. पांगच्या वर चढलात की मूरचं पठार लागतं, चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सपाट, एक झुडूप नाही, आडोसा होईल असा दगड नाही, आणि दुपारी समोरून वारा. बायका काय करतात, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ते तिथे फार महागात पडतं. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत पण नाही, अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं, आणि मग ते पाण्यामुळे दुखतंय का उंचीमुळे हेच कळत नाही. (साधा उपाय म्हणजे थांबून लिटरभर पाणी पिऊन तासभर बघायचं, नाही उतरलं तर उंचीचंच समजायचं.) तर गाडीत एक मोठी छत्री आणि एक जाड चादर ठेवा, गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडली की मध्ये चादर लावून पुरेसा आडोसा होतो. उभ्याने जाता येईल असं छोटं फनेल मिळतं, ते घरी वापरून सवय करा. आणि ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की मी हात केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड दुप्पट घ्या, वाटेत दुकानं नाहीत.

सायकल. हायब्रिड चालेल. नवी घेऊन तिच्यावर बसायची सवय तिथे करण्यापेक्षा जुनी बरी. फक्त सगळ्यात हलका गिअर बघा, पुढची सगळ्यात छोटी चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा लहान असली पाहिजे, पुढे २२ आणि मागे ३४ दाते असतील तर काहीही चढते. टायर फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद घाला. तुमच्याच फ्रेमचा एक जादा डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) घ्या, दुसऱ्याचा बसत नाही. ब्रेक पॅड नवे, आणि खिंडीवर पोचल्या पोचल्या, फोटोच्या आधी, जाड हातमोजे आणि विंडचिटर, कारण उतारावर बोटं गारठली की ब्रेक ओढले जात नाहीत.

मिस्टरांचं तुम्ही बघून घेणार म्हणालात ते ठीक, पण त्यांनाही लेहच्या रात्रीचं खरं सांगा. जेवण बाधलं म्हणून त्यांच्याच डोळ्यांदेखत सांगितलं होतंत ना.

आणि ग्रुप नाही म्हणाला तर? तर या वर्षी त्यांच्याबरोबर जाऊ नका, श्रीनगरकडून लेहला जा, तिकडची परिस्थिती बघून, दोन-तीन समंजस माणसं घेऊन. झोजी ला ३५२८, फोटू ला ४१०८, आणि रात्री सोनमर्ग, द्रास, कारगिल, लामायुरू, कुठेही साडेतीन हजाराच्या फार वर झोपावं लागत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या, आधी उंचीचा त्रास झालेल्या माणसाला तो रस्ता खरं म्हणजे जास्त योग्य. लेहला पोचेपर्यंत शरीर तयार झालेलं असतं, मग दोन दिवस थांबून, वेळ असेल तर, ते खार्दुंग ला करा, चढून परत लेहलाच झोपायला यायचं म्हणजे त्यात जोखीमही कमी. कमीपणाचा रस्ता नाही तो, झोजी लाचा चिखल बघितलात की पटेल.

उंच्यांची ती यादी या आठवड्यातच ग्रुपवर टाका, आणि उत्तर येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.